थिबा राजवाडा ते थिबा पॉइंट: रत्नागिरीतली दुपार कशी आखावी

रत्नागिरीला येणारे बरेच पाहुणे आधी थिबा पॉइंटवर जातात, जिजामाता उद्यानात रमतात, सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि मग राजवाड्याकडे वळतात. तोवर राजवाडा बंद झालेला असतो. तिथलं संग्रहालय सकाळी १० ते संध्याकाळी ५ उघडं असतं आणि सोमवारी बंद. म्हणून क्रम उलटा धरा. दुपारी अडीच-तीनला राजवाडा, तिथून शिवाजीनगरातली थिबा राजाची समाधी आणि शेवटी थिबा पॉइंटवरचं उद्यान. सणासुदीच्या सुट्टीत जाणार असाल तर आधी चौकशी करून घ्या.

कोकण रेल्वेचं स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटरवर आहे. रिक्षा करणार असाल तर तिन्ही ठिकाणं आणि मधला थांबण्याचा वेळ धरून भाडं सुरुवातीलाच ठरवा. समाधीपाशी उतरून रिक्षा सोडली की पुढची चटकन मिळेलच असं नाही.

राजवाड्यात शिरण्याआधी थोडा इतिहास माहीत हवा, नाहीतर रिकाम्या दालनांतून फिरल्यासारखं वाटतं. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशची (आजच्या म्यानमारची) राजधानी मंडाले घेतली आणि तिथला शेवटचा राजा थिबा याला राणी सुपयालतसह आधी मद्रासला हलवलं. एप्रिल १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीला आणलं. इथेच का, याचं उत्तर नकाशात आहे. रेल्वे नव्हती, घाटावरून येणारी वाट लांबची, खरी ये-जा बोटीची आणि पावसाळ्यात बोटही बंद. राजाला त्याच्या माणसांपासून तोडायला जागा अगदी सोयीची होती.

‘राजा तीस वर्षं या वाड्यात कैदेत होता’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. ते खरं नाही. पहिली चोवीस वर्षं त्याने सरकारने दिलेल्या बंगल्यात काढली. हा वाडा १९१० मध्ये राहण्याजोगा झाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजा वारला. म्हणजे वाड्यातला मुक्काम सहाच वर्षांचा. त्याच सुमारास, १९०८ ते १९१४, रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. मंडालेचा राजा इथे आणि इथला माणूस मंडालेत! टिळकांचं जन्मस्थान शहरातच आहे, सकाळ मोकळी असेल तर आधी तिथे जाऊन या.

वाडा आधी बाहेरून पाहा, सगळ्या बाजूंनी. भिंती जांभ्याच्या आहेत. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो म्हणून त्याचे चिरे सहज पडतात, आणि वारा लागला की तो टणक होतो. पण तो पाणी पितो. कोकणातल्या पावसात नुसती उघडी भिंत टिकायची नाही, म्हणून उतरतं छप्पर आणि रुंद सज्जे. मग वरच्या अर्धगोल लाकडी खिडक्या आणि त्यांवरचं कोरीव काम निरखा. आत पहिल्या मजल्यावरचं संगमरवरी फरशीचं नृत्यदालन चुकवू नका. सगळं धरून सव्वा तास पुरतो. फोटोंबद्दल दारावरच विचारा आणि तिकिटासाठी सुटे पैसे जवळ ठेवा.

समाधीला अर्धा तास ठेवा. राजाची धाकटी राणी १९१२ मध्ये वारली. राजा आणि ती, दोघांच्या शवपेट्या दफन न करता बराच काळ ठेवून दिलेल्या होत्या, कारण घरच्यांना त्या ब्रह्मदेशात न्यायच्या होत्या. सरकारने परवानगी दिली नाही आणि १९१९ मध्ये दोघांना इथेच ठेवावं लागलं. त्याच वर्षी सुपयालत मायदेशी परतली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या समाधीपाशी येऊन गेले. चपला बाहेर काढा.

आता उद्यान. राजा इथे बसून ब्रह्मदेशाकडे डोळे लावायचा, असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. समोर अरबी समुद्र आहे, ब्रह्मदेश आपल्या पाठीमागे, पूर्वेला. पॉइंटवरून काजळी नदीची भाट्ये खाडी समुद्राला मिळताना दिसते, खाली राजिवड्याची वस्ती आणि होड्या, पलीकडे भाट्याचा पूल आणि किनारा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे अखेरीस सातच्या. थंडीत तो पश्चिमेच्या बराच डावीकडे, म्हणजे दक्षिणेला उतरतो. मे-जूनमध्ये उजवीकडे रत्नदुर्ग किल्ल्याच्या बाजूला सरकतो. जागा त्याप्रमाणे धरा. आकाश स्वच्छ हवं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाठा. एप्रिल-मेत क्षितिजावर धुरकट पट्टा असतो आणि सूर्य पाण्याला टेकण्याआधीच त्यात विरतो.

खाडी भरलेली हवी की वाळूचे पट्टे उघडे पडलेले, हे तिथीवरून ठरवता येतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा. सूर्यास्ताला खाडी भरलेली. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती सव्वाअकराची, त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी वाळू उघडी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तेव्हा पाण्यात उतरायचं असेल तर या हिशेबावर विसंबू नका. नुसतं बघायला मात्र तो पुरेसा आहे.

जून ते सप्टेंबर जायचंच असेल तर गुळगुळीत तळव्याच्या चपला घालू नका. ओल्या जांभ्यावर शेवाळ धरतं आणि पायऱ्यांवर पाय सटकतो. पॉइंटवरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते, रेनकोट बरा. बाकीच्या दिवसांत सूर्य मावळल्यावर लगेच निघू नका. सगळ्या गाड्या एकदमच वळतात आणि रस्ता तुंबतो. पंधरा-वीस मिनिटं थांबलात की वाट मोकळी मिळते.