सेंट लुईस ते रिग्ली फील्ड: दोघांनी गाडीने अवे गेमला जायचं असेल तर

आधीच सांगते, अवे गेमचं, म्हणजे आपल्या बेसबॉल टीमच्या परगावच्या मॅचचं, प्लॅनिंग परतीच्या प्रवासापासून सुरू करायचं. सगळे आधी तिकीट बघतात मग हॉटेल बघतात, आणि टीम आपटली की रात्री दहाला गाडीत बसून पाच तास दोघं तोंड फुगवून घरी येतात. आम्ही हे केलंय, पहिल्याच ट्रिपला. पैसे वाचवायला हॉटेल घेतलंच नव्हतं, पहाटे साडेतीनला घरी पोचलो आणि रस्ताभर आमच्यात जे बोलणं झालं ते सगळं "पाणी दे" आणि "पुढचा एक्झिट" एवढंच.

मी सांगलीची, नवरा नाशिकचा, दोघंही क्रिकेटवर वाढलेले. इकडे सेंट लुईसला आल्यावर बेसबॉल लागला तो लागलाच, आता इथली टीम कार्डिनल्स हरली की आमच्या घरात जेवण उशिरा होतं. आणि कार्डिनल्स म्हटलं की कट्टर वैरी म्हणजे शिकागोचे कब्ज, त्यामुळे अवे गेम बघायचा तर त्यांच्या ग्राउंडवर, रिग्ली फील्डलाच. अंतर साधारण 300 मैल, आय-55 हायवे धरायचा आणि सुटायचं, टोल नाही, घड्याळही बदलावं लागत नाही.

तारीख निवडताना हे लक्षात ठेवा की 162 मॅचेसच्या सीझनमध्ये डिव्हिजनमधल्या, म्हणजे लीगमधल्या आपल्याच गटातल्या, टीमशी आधी 19 गेम व्हायचे, 2023 पासून ते 13 केलेत. म्हणजे आपली टीम रिग्लीला वर्षातून 6 किंवा 7 वेळाच खेळणार, तेपण बहुतेक दोन सिरीजमध्ये, म्हणजे लागोपाठच्या दिवशी तीन-चार मॅचेस. शेड्यूल आलं की लगेच वीकेंड गाठा. एप्रिलमधली सिरीज असेल तर माझं ऐका, सोडून द्या. लेक मिशिगनवरून जो वारा येतो ना, स्वेटरवर जॅकेट आणि वर ब्लँकेट घेऊनही दात वाजतात.

शक्यतो दुपारचा गेम घ्या, 1:20 चा. रिग्लीला 1988 पर्यंत लाइट्सच नव्हते, सगळं उन्हात चालायचं. 8 ऑगस्ट 1988 ला मोठा गाजावाजा करून दिवे लावले आणि ती मॅच पावसानं धुऊन नेली, पहिली अधिकृत नाइट गेम झाली ती 9 तारखेला, म्हणजे अगदी आपल्याकडच्या उद्घाटनांसारखं. तर ग्राउंडची खरी मजा दुपारचीच. पिच क्लॉक आल्यापासून, म्हणजे बॉल टाकणाऱ्या पिचरला घड्याळ लावल्यापासून, गेम साधारण 2 तास 40 मिनिटांत आटोपतो, चार सव्वाचारला तुम्ही मोकळे, हरलात तरी संध्याकाळ हातात उरते. नवराबायकोच्या ट्रिपमध्ये हे फार महत्त्वाचं आहे, हसू नका.

म्हणून आमचा हिशोब असा: शुक्रवारी सकाळी सहाला निघायचं, शनिवारी दुपारी गेम, रविवारी आरामात परत. दोन रात्रींचं हॉटेल, आणि बुकिंग कॅन्सल होणारंच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, कारण गेम पावसानं पुढे ढकलला तर तिकीट नव्या तारखेला चालेलही पण तुम्ही परत 300 मैल येणारात का?

निघताना टाकी मिसिसिपीच्या अलीकडे फुल करा. इलिनॉयमध्ये टॅक्स जास्त, पेट्रोल महाग, नदी ओलांडून मग पंपावर थांबणारा माणूस नवीन आहे हे लगेच कळतं. डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासात चहा. भडंग वेगळ्या डब्यात, ते गेमसाठी, पण स्टेडियममध्ये बाहेरचं काय चालतं आणि केवढी बॅग चालते ते जायच्या आदल्या दिवशी त्यांच्या साइटवर बघून घ्या, हे नियम बदलत असतात आणि गेटवर वाद घालून काही मिळत नाही.

रस्ता सरळ आहे. सरळ म्हणजे मका, सोयाबीन, मका, सोयाबीन, मध्येच पवनचक्क्या. म्हणून थांबे ठरवून ठेवा नाहीतर ड्रायव्हर पेंगतो. साधारण 100 मैलांवर स्प्रिंगफील्ड, तिथं लिंकन 17 वर्षं राहिला ते घर आहे, तिकीट फुकट, तासाभरात बघून होतं. पुढं लिंकन नावाचंच गाव लागतं, आणि गंमत म्हणजे हे नाव तो प्रेसिडेंट व्हायच्या आधीच ठेवलेलं, बारशाला त्यानं कलिंगडाचं पाणी शिंपडलं होतं म्हणे. मग ब्लूमिंग्टन-नॉर्मल, इथं देशी लोक भरपूर, आमचा जेवायचा थांबा हाच. जोलिएटच्या पुढं ट्रॅफिक सुरू होतं, शुक्रवारी दुपारी तीनच्या आत शिकागोत घुसलात तर घुसलात, नाहीतर बसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गाडी. रिग्लीच्या आसपास गाडी नेऊ नका. ग्राउंड अख्खं वस्तीत आहे, चारी बाजूला घरं, पार्किंगवाले मागतील तो भाव, आणि नाइट गेमला आजूबाजूच्या गल्ल्यांत फक्त परमिटवाल्यांच्या गाड्या चालतात. आमची उचलून नेली होती त्या पहिल्या ट्रिपला. बोर्ड होता, झाडामागं होता, पण होता, चूक आमचीच. म्हणजे त्या रात्री आधी हरलो, मग गाडी सोडवली, आणि मग पाच तास ड्राइव्ह. आता आम्ही गाडी हॉटेलवर ठेवतो किंवा उत्तरेला हॉवर्ड स्टेशनच्या पार्किंगमध्ये, आणि रेड लाइन ट्रेननं अ‍ॅडिसनला उतरतो. समोरच ग्राउंड. पण एक घोळ लक्षात ठेवा, शिकागोत अ‍ॅडिसन नावाची तीन स्टेशनं आहेत, रेड, ब्राउन आणि ब्लू लाइनवर एकेक. एअरपोर्टच्या बाजूला राहिलात तर ब्लू लाइनच्या अ‍ॅडिसनला उतरून "ग्राउंड कुठंय?" करत फिराल. तसं झालंच तर 152 नंबरची बस पकडा, ती अ‍ॅडिसन स्ट्रीटनंच नेते.

सीट निवडताना नवराबायकोत हमखास भांडण. कब्ज बसतात थर्ड बेसच्या बाजूला, पाहुण्यांचा डगआउट, म्हणजे खेळाडूंची बसायची जागा, फर्स्ट बेसकडे, म्हणजे आपली पोरं जवळून बघायची तर फर्स्ट बेसकडची सीट घ्यावी लागते. 200 नंबरच्या सेक्शनमध्ये मागच्या रांगांना डोक्यावर छप्पर असतं, सावली मस्त, पण 1914 चं ग्राउंड आहे, मध्ये लोखंडी खांब. तिकिटावर लिमिटेड व्ह्यू लिहिलेलं असेल तर ते खरंच लिमिटेड असतं. एकदा ह्यानं स्वस्त मिळाली म्हणून घेतली, अख्खा गेम मला पिचर दिसला आणि ह्याला बॅटर, दोघांनी मिळून एक मॅच बघितली. ब्लीचर्समध्ये, म्हणजे आउटफिल्डमागच्या उघड्या बाकांवर, कार्डिनल्सची लाल जर्सी घालून पहिल्यांदाच जाऊ नका. पाहुण्यांनी होमरन मारला की तिथं तो बॉल परत मैदानात फेकायची पद्धत आहे, तुम्ही कॅच घेऊन छातीशी धरलात तर आजूबाजूचे दोनशे लोक तुमच्याकडे बघून ओरडणार.

बाकी लाल घाला, बिनधास्त घाला. टोमणे मिळतील पण प्रेमानं. एक उत्तर तयार ठेवा, 15 जून 1964 ला कब्जनी आपला खेळाडू लू ब्रॉक आम्हाला देऊन टाकला आणि त्याच वर्षी आम्ही वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, जिंकली. ब्रॉकचं नाव काढलं की शेजारचे आजोबा गप्प होतात. मग ते 2015 काढतात, प्लेऑफमध्ये आम्हाला 3-1 नी घरी पाठवलेलं, तेव्हा आपण गप्प व्हायचं. आमच्या 11 वर्ल्ड सिरीज ट्रॉफ्या मात्र लगेच काढू नका, ते शेवटचं अस्त्र.

आत गेल्यावर स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घ्या, हे मी प्रत्येक जोडीला सांगते. दोघांपैकी ज्याला खेळ कमी कळतो त्यानं स्कोअर लिहायचा. पिचर 1, कॅचर 2, फर्स्ट बेस 3, सेकंड 4, थर्ड 5, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधला) 6, मग आउटफिल्ड डावीकडून 7, 8, 9. शॉर्टस्टॉपनं उचलला, सेकंडला दिला, तिथून फर्स्टला, दोघं आउट: चौकोनात लिहायचं 6-4-3. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइकवर आउट झाला की, के लिहायचा, आणि तिसऱ्याला बॅट हललीच नाही तर तो के उलटा काढायचा. मी असंच शिकले, तिसऱ्या इनिंगपर्यंत ह्यालाच विचारत होते, सातव्याला हा मला विचारायला लागला. आउटफिल्डच्या भिंतीवरची वेल 1937 ची आहे, बॉल त्यात अडकला तर फिल्डरनं हात वर करायचे आणि बॅटरला दोन बेस, तेव्हा काय लिहायचं ते मात्र आम्ही अजून भांडतो.

गेम संपला की लगेच प्लॅटफॉर्मवर पळू नका, चेंगराल. स्कोअरबोर्डवरचा झेंडा बघा, पांढऱ्यावर निळा डब्ल्यू म्हणजे ते जिंकले, निळ्यावर पांढरा एल म्हणजे आपण. मग रेड लाइननं किंवा कॅबनं उत्तरेला डेव्हन अ‍ॅव्हेन्यू, साडेतीन मैलच आहे, तिथं पोटभर देशी जेवण. हरलेल्या दिवशी तर नक्की.

आणि परतीचा नियम. हरलो असू तर पाँटियॅक गाव येईपर्यंत, म्हणजे साधारण 100 मैल, मॅचवर बोलायचं नाही, गाणी लावा, झोपा, घरी फोन लावा. मागच्या वेळी ड्वाइट गावाची पाटी गेली, पाँटियॅकला अजून वीस मैल होते, आणि हा समोर बघतच म्हणाला, "पण सातव्यात पिचर बदलायला पाहिजे होता ना?" मी काही बोलले नाही, पर्समधून स्कोअरकार्ड काढलं.