पडून राहिलेले कपडे नक्की कधी काढायचे?

वापरलेले कपडे घेऊन पुन्हा विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे एखादा तरी खोका असा असतो, जो उघडायचा कंटाळा येतो. त्यातल्या मालाचं काय करायचं हा प्रश्न ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत पुढे ढकलला जातो, कारण नग हातात घेतला की त्यासाठी मोजलेले पैसे आठवतात. निर्णय घेताना नेमकी तीच रक्कम बाजूला ठेवावी लागते. ते कसं करायचं, ते पाहू.

१. प्रत्येक नगावर तारीख घाला

तारखा दोन हव्यात. एक खरेदीची आणि दुसरी माल प्रत्यक्ष विक्रीला लावल्याची. दुकान असेल तर दर महिन्याला वेगळ्या रंगाचं लेबल लावा, म्हणजे रॅककडे नुसतं पाहून जुना माल ओळखता येईल. ऑनलाइन विकत असाल तर साधी वही किंवा एक्सेलची शीट पुरते.

तारखा घालताना एक वेगळा ढीग सापडेल: घेतलेला, पण धुऊन, फोटो काढून विक्रीला कधी लावलाच नाही असा. तो पडेल माल नाही, त्याला गिऱ्हाईक अजून दिसलेलंच नाही. हा ढीग संपेपर्यंत नवी खरेदी थांबवा. बऱ्याच जणांचा अडकलेला पैसा इथेच निघतो.

२. प्रकारानुसार खपाचा वेग काढा

सगळ्या मालाला एकच मुदत लावू नका. समजा, तुमच्याकडे ५० ड्रेस आहेत आणि महिन्याला २ विकले जातात. या वेगाने आहे तेवढाच साठा संपायला २५ महिने लागतील. जीन्स ३० आहेत आणि महिन्याला ६ जातात, म्हणजे ५ महिन्यांचा साठा. ड्रेसची अडचण एखाद्या नगापुरती नाही, तिथे खरेदीच जास्त झाली आहे.

आता विकल्या गेलेल्या नगांकडे पाहा. बहुतेक शर्ट ४५ दिवसांच्या आत गेले असतील, तर ९० दिवस लटकलेला शर्ट उशिरात धरायचा. कोटाला मात्र तेवढे दिवस सहज लागू शकतात. स्वतःची नोंद अजून नसेल तर ३०, ६० आणि ९० दिवसांचे टप्पे धरून सुरुवात करा आणि तीन-चार महिन्यांनी आपल्या आकड्यांवर या.

३. दोष मालाचा की मांडणीचा, ते तपासा

मुदत संपली की लगेच भाव पाडायचा नाही. ऑनलाइन नग कुणी उघडूनच पाहत नसेल, तर शीर्षक, वर्गवारी किंवा पहिला फोटो चुकला आहे, नाहीतर मोसम नाही. पाहतात पण घेत नाहीत, तर बोट भावाकडे किंवा कपड्याच्या स्थितीकडे जातं. लोक सारखं माप विचारत असतील तर ते लिहिलेलंच नाही. लेबलवरच्या ‘एम’ला फारसा अर्थ नसतो, ब्रँडप्रमाणे साईझ बदलते आणि जुना सुती कपडा धुऊन आटलेला असू शकतो. कपडा सपाट पसरून छाती, कंबर आणि लांबी मोजा, ते आकडे लिहा, दिवसाच्या उजेडात नवे फोटो काढा आणि दोन-तीन आठवडे थांबा.

ही दुसरी संधी एकदाच. तिसऱ्यांदा फोटो काढायला बसलात, तर तुम्ही निर्णय टाळताय.

४. खरेदीची किंमत झाकून हिशेब करा

एक जॅकेट १०० ला घेतलं. २५० ला लावलं होतं, पाच महिने हललं नाही. आज कुणी ८० देतो म्हणतंय. मन म्हणतं, २० चा तोटा. पण ते १०० कधीच गेले. जॅकेट ठेवल्याने परत येत नाहीत. प्रश्न एवढाच, की ८० हातात आले तर त्यातून काय होईल? तुमचा नेहमी उठाव असलेला माल ८० मध्ये येत असेल आणि खर्च वजा जाता दीड महिन्यात १३० देत असेल, तर जॅकेट ठेवणं महागात पडतंय. शिवाय ते जागा खातं, आणि हवं तेव्हा दुसरं काही सापडू देत नाही.

हिशेब जड वाटला तर स्वतःला विचारा: हाच नग आज समोर आला, तर ८० देऊन विकायला म्हणून मी तो घेईन का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो काढा.

५. कपडा थांबू शकतो का, तेही पाहा

नकली लेदर म्हणून विकलं जाणारं पॉलियुरेथेनचं जॅकेट हवेतल्या ओलाव्याने कपाटातही सोलायला लागतं. एकदा पापुद्रे सुटले की काही करता येत नाही. इलॅस्टिकही न वापरता ढिलं पडतं. लोकर आणि रेशमाला कसर लागते, विशेषतः धुतल्याशिवाय ठेवलं तर. पांढरा कपडा पिवळा पडतो. असा माल मुदतीच्या आधीच काढायच्या यादीत घ्यावा. जाड सुती आणि डेनिम कोरड्या जागी निवांत राहतात.

थांबवण्यासारखा मालही असतो: मोसम संपल्यावर हाती आलेले गरम कपडे, समारंभाचे कपडे, सहसा न मिळणाऱ्या साईझेस, खरोखर जुन्या काळातले नग. पण प्रत्येकावर ‘पुन्हा कधी पाहायचं’ ही तारीख लिहा. तारीख नसेल तर ‘राखून ठेवलेला’ आणि ‘विसरलेला’ यात फरक उरत नाही. चालू मोसमाच्या मालाचा भाव मोसम अर्धा सरला की लगेच उतरवायला लागा. शेवटच्या आठवड्यात सवलत देऊन फार काही हाती लागत नाही, कारण घेणारा उरलेले दिवस मोजतो.

६. भाव टप्प्याने उतरवा आणि शेवटचा टप्पा आधीच ठरवा

पाच-पाच टक्क्यांची घट कुणाच्या लक्षात येत नाही. एकदा २० टक्के, दोन आठवड्यांनी ४० टक्के आणि मग नग गठ्ठ्यात, एवढं पुरे. फी, पॅकिंग आणि पाठवणी वजा केल्यावर हातात काहीच उरणार नाही, तिथे एकेकटा नग विकणं थांबवा.

गठ्ठा बांधताना बहुतेक जण पाच टी-शर्ट एकत्र करतात. माझ्या मते प्रकार वेगळे चालतील, साईझ एकच हवी, कारण घेणाऱ्याचं अंग एकच असतं. एक जीन्स, दोन टॉप आणि एक जॅकेट एकाच मापाचं असेल तर ते त्याला सगळं वापरता येतं. तरीही गेलं नाही, तर वजनावर किंवा ठोकात घेणाऱ्याला द्या. दान करायचं तर घालण्यासारखंच द्या. फाटका-डागाळलेला कपडा दिला की तो निवडण्याचं आणि टाकण्याचं काम दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. तसला माल पुसायच्या फडक्यांसाठी किंवा धागा पुन्हा वापरणाऱ्यांकडे जातो.

७. काढताना कारण लिहा

प्रत्येक नगासमोर दोन शब्द पुरतात: ‘रंग चालला नाही’, ‘भाव जास्त लावला’, ‘साईझ अडली’, ‘उशिरा लावला’. महिन्यातून एक दिवस ठरवून मुदत उलटलेला सगळा माल एकदम पाहा. रोज एकेक नग हातात घेतला की मोह सुटत नाही. एकच कारण तीन-चार नगांसमोर दिसलं, तर ते पुढच्या खरेदीच्या यादीच्या डोक्यावर लिहा आणि त्या प्रकारचा माल कितीही स्वस्त मिळाला तरी तूर्त घेऊ नका.