टँकमधले मासे अचानक आजारी पडले तर: पहिल्या तासापासून पंधराव्या दिवसापर्यंत

काल संध्याकाळी सगळे मासे झडप घालून खात होते. आज सकाळी लाइट लावला, तर दोन मोली खडीवर अंग घासतायत, एंजल पर मिटून कोपऱ्यात उभा आहे आणि निऑन टेट्राच्या शेपटीवर कुणी रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके दिसतायत. अशा वेळी पाय आपोआप दुकानाकडे वळतात. तिथून एक निळी बाटली, एक हिरवी बाटली, वर एक पिवळी पावडर असं काहीबाही घेऊन आपण घरी येतो.

मीही असंच केलं होतं. दोन फुटी टँकमध्ये एका संध्याकाळी तीन औषधं ओतली आणि सकाळी चौदापैकी अकरा मासे मेलेले होते. ठिपक्यांमुळे मासा एका रात्रीत मरत नाही. औषधांनी फिल्टरमधले उपयोगी जीवाणू मारले, पाण्यातला ऑक्सिजन घटला आणि मासे गुदमरले. त्या दिवसानंतर मी एक नियम पाळतो: आधी हवा, मग पाणी, मग निदान आणि औषध सर्वांत शेवटी.

पहिला तास: हवा वाढवा, खाणं थांबवा, नीट बघा

एअर पंप असेल तर पूर्ण वेगाने चालू करा. नसेल तर फिल्टरचं तोंड वर करा, म्हणजे पृष्ठभाग हलता राहील. आजारी माशाचे कल्ले बहुधा आधीच सुजलेले असतात, त्याला नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो. लाइट बंद करा. खायला देऊ नका. निरोगी मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो, पण न खाल्लेला दाणा कुजला की त्याचा अमोनिया होतो.

मग खुर्ची ओढून दहा मिनिटं टँकसमोर बसा. किती मासे आजारी दिसतात, कोण पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतंय, कोण अंग घासतंय, कोणाचे पर मिटलेत, हे कागदावर लिहा. मोबाइलवर फोटो काढा, उद्या तुलना करायला लागतील.

या दहा मिनिटांत एका प्रश्नाचं उत्तर मिळवायचं आहे: सगळे मासे एकदम बिघडले, की एकेक करत? वेगवेगळ्या जातींचे मासे दोन-चार तासांत एकत्र धापा टाकायला लागले असतील, तर तो जवळजवळ नेहमी पाण्याचा दोष असतो. संसर्ग असा एका झटक्यात सगळ्यांना धरत नाही. तो आज एकाला, परवा तिघांना असा पसरतो. गोगलगायी आणि कोळंबीही लोळागोळा झाल्या असतील, तर विषबाधेचा संशय घ्या. घरात पेस्ट कंट्रोल झालं होतं का, झुरळांचा स्प्रे मारला होता का, टँकच्या खोलीत डासांचं लिक्विड किंवा कॉइल रात्रभर चालू होती का, हे आठवा. या औषधांमधली पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशकं माणसाला फारशी जाणवत नाहीत, माशांना मात्र फार थोड्या प्रमाणातही घातक ठरतात. एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडत असतो. तेव्हा खिडक्या उघडा, पंप दुसऱ्या खोलीत ठेवून नळी लांबवा.

दुसरं काम: पाणी तपासा आणि थोडं बदला

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजणारं टेस्ट किट घरात असू द्या. ते औषधांच्या तीन बाटल्यांपेक्षा जास्त मासे वाचवतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) खाली. अमोनियाचा आकडा पीएचशी जोडून वाचावा लागतो. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी विषारी भाग एक टक्क्याहूनही कमी असतो. पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक जड आणि अल्कधर्मी असतं. त्यामुळे बोअरच्या पाण्यावरच्या टँकमध्ये किटवर अमोनियाचा फिकट हिरवा रंग दिसला तरी तो गंभीरच समजा.

किट नसेल तर वाट बघत बसू नका, एकतृतीयांश पाणी बदला. त्याहून जास्त एकदम नको, विशेषतः अनेक महिने पाणी न बदललेल्या टँकमध्ये. अशा टँकचा पीएच हळूहळू घसरलेला असतो आणि मासे त्याला सरावलेले असतात. निम्म्याहून जास्त ताजं पाणी घातलं की पीएच उसळतो आणि तोच धक्का जीव घेतो. आज एकतृतीयांश, उद्या पुन्हा तेवढंच. पेस्ट कंट्रोलची विषबाधा असेल तेव्हा मात्र निम्मं पाणी बदलण्याचा धोका पत्करावा.

नळाच्या पाण्यात अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन घालवणारं द्रव, घातल्याशिवाय ते टँकमध्ये जाता कामा नये. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीनचा डोसही वाढलेला असतो, हे बादलीच्या वासावरूनच कळतं. नवं पाणी टँकइतकंच कोमट असावं. हाताने अंदाज घेण्यापेक्षा थर्मामीटर बुडवा.

फिल्टरचा स्पंज काळा झाला असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा. नळाखाली धुतला तर अमोनिया पचवणारे जीवाणू क्लोरीनने मरतात आणि आजाराच्या ऐन मध्यावर टँक पुन्हा पहिल्या दिवशी येऊन उभा राहतो.

पाणी बदलल्यावर दोन-तीन तासांत मासे सैलावले तर तुमचं काम बहुधा इथेच संपलं. पुढचे चार दिवस रोज तपासणी करा.

तिसरं काम: रोग ओळखा

खोलीत अंधार करा आणि माशाच्या अंगावर बाजूने टॉर्च पाडा. समोरून पाडलेल्या उजेडात बरंच काही निसटतं.

वेगवेगळे मोजता येतील असे पांढरे ठिपके, मिठाच्या कणाएवढे, पर आणि शेपटीवर आधी: हा व्हाइट स्पॉट. त्याहून खूप बारीक, सोनेरी-पिवळसर धूळ, जी आडव्या उजेडातच चमकते: हा व्हेल्वेट. तो कल्ले लवकर निकामी करतो, म्हणून त्यात घाई हवी. जुन्या जखमेवर कापसाचा उभा झुपका ही बुरशी.

फसगत होते ती कॉलमनॅरिसमध्ये. तोंडाभोवती पांढरट कापूस, पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा, पर झपाट्याने झिजणं ही त्याची खूण. दिसायला बुरशीसारखा, पण असतो जीवाणू. हे वेगळं ओळखणं फार महत्त्वाचं आहे, कारण व्हाइट स्पॉटमध्ये पाणी गरम करणं हा उपाय आहे आणि कॉलमनॅरिसमध्ये तेच पाणी गरम केलं तर दोन दिवसांत टँक रिकामा होतो. ठिपके आहेत की पट्टा, हे ठरल्याशिवाय हीटरचं बटण फिरवू नका.

पोट फुगून खवले अननसासारखे उभे राहिले असतील तर तो ड्रॉप्सी. तो मासा वेगळा ठेवा, बाकीच्या टँकला औषध घालायची गरज नसते.

व्हाइट स्पॉट निघाला, तर

घरगुती टँकमध्ये अचानक येणाऱ्या आजारात सर्वांत नेहमीचा हाच, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. इक्थिओफ्थिरिअस नावाचा एकपेशीय परजीवी माशाच्या त्वचेखाली शिरून वाढतो. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे त्वचेने झाकलेला परजीवी, त्यामुळे त्या अवस्थेत कोणतंही औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. काही दिवसांनी तो गळून खडीवर पडतो, भोवती कवच करतो आणि आत शेकडो पिल्लांत विभागतो. पिल्लं बाहेर पडून पोहत मासा शोधतात. दोन दिवसांच्या आसपास मासा सापडला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेला. २५ अंशांना हे चक्र साधारण आठवड्याचं असतं, थंड पाण्यात ते कित्येक आठवडे लांबतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एकट्या ठिपकेवाल्या माशाला बाहेर काढून काही साधत नाही, उपचार सगळ्या टँकला करावा लागतो. आणि ठिपके नाहीसे झाले म्हणजे रोग गेला असं नाही. ते गळून खडीत पडले आहेत आणि आता शंभरपटीने परत येणार आहेत. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी इथेच औषध थांबवलं आणि आठवड्याने पुन्हा रडकुंडीला आले.

आधी टँकमध्ये खरं पाणी किती आहे ते काढा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागा. दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक काठोकाठ ५६ लिटरचा होतो, पण खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटरच धरावा. ५६ लिटरचा डोस ४५ लिटरला घातला तर तो जवळपास सव्वापट होतो.

माझी पहिली निवड उष्णता आणि मीठ. हीटरने तापमान दर बारा तासांना दोन अंश असं वाढवत ३० अंशांवर न्या. ३० अंशांना या परजीवीच्या बहुतेक प्रकारांची वाढ थांबते. मे महिन्यात मुंबईत टँक तसाही तिशीला टेकलेला असतो. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात मात्र चांगला हीटर लागतो, लिटरमागे एक वॅट या हिशेबाने. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना ७.५. म्हणून एअर पंप रात्रंदिवस चालू हवा. लोडशेडिंग होत असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणून ठेवा. गोल्डफिशला ३० अंश सोसायला लावू नका, त्याच्यासाठी मीठच पुरे.

मीठ साधं खडेमीठ, वजनकाट्यावर मोजून. पहिल्या दिवशी लिटरमागे १ ग्रॅम, म्हणजे ४५ लिटरला ४५ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी आणखी तेवढंच. मगभर टँकच्या पाण्यात पूर्ण विरघळवून हळूहळू ओता, खडे थेट टाकले तर खडीवर बसणाऱ्या माशांची कातडी भाजते. कोरी, लोच (हे तळाशी राहणारे मासे) किंवा नाजूक वनस्पती असतील तर १ ग्रॅमवरच थांबा. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही, त्यामुळे आटलेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी घाला. १० लिटर बदललं तर तेवढ्यापुरतंच, म्हणजे २० ग्रॅम, मीठ परत टाका.

एक दिवसाआड सायफनने, म्हणजे पाणी ओढून काढणाऱ्या नळीने, खडी साफ करत २० टक्के पाणी बदला. खडीतले कवचबंद परजीवी असेच थेट बाहेर जातात. सायफन तोंडाने ओढू नका आणि हातावर जखम असेल तर रबरी हातमोजे घाला. टँकच्या पाण्यातला मायकोबॅक्टेरियम मरायनम हा जीवाणू माणसाच्या कातडीत महिनोन् महिने बरी न होणारी गाठ करू शकतो.

हे सगळं शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही आठवडाभर चालू ठेवा, एकूण साधारण पंधरा दिवस. मग तापमान हळूहळू उतरवा आणि मीठ पाणी बदलत बदलत कमी करा.

तिशीवर पाच दिवस होऊनही नवे ठिपके येत राहिले तर औषधाकडे वळा. काही परजीवी उष्णतेला दाद देत नाहीत. मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिनचं मिश्रण यावर चालतं, पण ते वापरण्याआधी तापमान २६ पर्यंत खाली आणा, कारण फॉर्मॅलिनही ऑक्सिजन घटवतं. फिल्टरमधला कार्बन काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो, फिल्टर मात्र चालूच ठेवा. कोरी, लोच, छोटे टेट्रा असतील तर निम्मा डोस. गोगलगायी आणि कोळंबी आधी बाहेर काढा. हातमोजे घाला, बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. खाण्याच्या माशांसाठी मॅलाकाइट ग्रीन वापरायला अनेक देशांत बंदी आहे, ती उगाच नाही. मिथिलीन ब्लू मुख्य टँकमध्ये नको, ते फिल्टरचे जीवाणू मारतं आणि काचेचे सिलिकॉन जोड कायमचे निळे करतं.

जीवाणूजन्य आजार असेल तर

घरातली टेट्रासायक्लिनची (माणसांच्या अँटिबायोटिकची) कॅप्सूल फोडून टँकमध्ये टाकण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो ऐकू नका. डोस कळत नाही, फिल्टर मरतो आणि अर्धवट मारलेले जीवाणू पुढच्या वेळी औषधाला जुमानत नाहीत. आजारी मासा वीसेक लिटरच्या टबमध्ये एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावून वेगळा ठेवा, पाणी २४ अंशांच्या आसपास, रोज निम्मं बदला. औषध पशुवैद्याला विचारूनच द्या. माशांवर उपचार करणारे पशुवैद्य मोजके आहेत, पण फोटो आणि पाण्याचे आकडे हाताशी असले तर फोनवरही बरंच सांगता येतं.

मासा आडवा पडून तळाशी नुसता तळमळत असेल, तर त्याला टॉयलेटमध्ये सोडणं किंवा फ्रीजरमध्ये ठेवणं क्रूर आहे. वेगळ्या भांड्यात टँकचं पाणी घेऊन तो मासा त्यात ठेवा आणि लवंगेचं तेल थोड्या कोमट पाण्यात जोरात हलवून त्या भांड्यात मिसळा, लिटरमागे दहा थेंब. मासा आधी झोपतो. कल्ले हलायचे थांबल्यावरही अर्धा तास तसाच राहू द्या. मेलेले मासे आणि टँकचं पाणी नदी-तलावात टाकू नका, नकोसे झालेले जिवंत मासे तर मुळीच नाही. उजनी धरणात कोळ्यांची जाळी फाडणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, शोभेच्या टँकसाठी इकडे आणलेला.

नवा मासा आणाल तेव्हा

रोगाच्या बहुतेक साथी दुकानातल्या पिशवीतून घरात येतात. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका, मासा जाळीने उचला. त्याला आधी त्याच वीस लिटरच्या टबमध्ये चार आठवडे ठेवा. टबसाठीचा स्पंज फिल्टर एरवी मुख्य टँकच्या मागे चालू ठेवला, तर त्यात जीवाणू आधीच तयार असतात. जाळी, सायफन, बादली टबची वेगळी असावी. एकच जाळी असेल तर वापरल्यावर ती कडक उन्हात पूर्ण वाळवा. नव्या वनस्पतींनाही हेच: मासे नसलेल्या भांड्यात, खिडकीच्या उजेडात, दहा-बारा दिवस.