बारा जणांचा एफएमआरआय: सुटे ठिपके कसे गेले

एफएमआरआय म्हणजे मेंदूचा कुठला भाग कधी कामाला लागतो ते दाखवणारे स्कॅन. गटात फक्त 12 जण. टी-नकाशात (टी म्हणजे परिणाम भागिले त्याची अनिश्चितता) इथेतिथे एकेकटे व्हॉक्सेल, म्हणजे मेंदूच्या चित्रातले छोटे घन, चमकत होते आणि परिणाम अपेक्षित होता तो सलग भाग मात्र उंबरठ्याखाली. इतक्या कमी जणांवरून काढलेला व्हेरियन्स (माणसामाणसांतल्या फरकाचं मोजमाप) डळमळीत असतो. एखाद्या व्हॉक्सेलमध्ये तो योगायोगाने लहान आला की टी उगाच फुगतो.

म्हणून एफएसएल या मेंदू-स्कॅनच्या सॉफ्टवेअरमधलं रँडमाइज घेतलं. खरा परिणाम नसेल तर अधिक-उणे सारखंच शक्य; म्हणून प्रत्येकाच्या कॉन्ट्रास्ट-नकाशाचं (दोन स्थितींतला फरक दाखवणाऱ्या नकाशाचं) चिन्ह उलटवत जायचं. 12 जणांच्या 4096 शक्यता, म्हणजे सगळ्याच मोजून होतात. दर वेळी अख्ख्या मेंदूतली टीची कमाल किंमत टिपायची. या कमाल किमतींचा 95वा शतमक हाच उंबरठा, आणि हजारो व्हॉक्सेल एकदम तपासल्याची भरपाईही त्यातच होते. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. निकोल्स आणि होम्स यांनी 2002 मध्ये ती इतकी स्वच्छ मांडली आहे की मूळ लेखच वाचावा.

पण खरा फरक पडला तो व्हेरियन्स स्मूदिंगने, म्हणजे शेजारच्या व्हॉक्सेलांचा व्हेरियन्स एकमेकांत मिसळून गुळगुळीत केल्याने. त्यासाठी रँडमाइजच्या ‘व्ही’ पर्यायाला 5 मिलिमीटर दिले. अशा टीचं वितरण सूत्रात बसत नाही, पण इथे सूत्र लागतंच कुठे? ठिपके गेले, सलग भाग टिकला.

चिन्ह उलटवायचं तर त्रुटींचं वितरण सममित हवं. आणि एकाच व्यक्तीचे ओळीने घेतलेले स्कॅन असे पिसू नका; शेजारचे स्कॅन एकमेकांवर अवलंबून असतात.