पाकिटावरच्या नावावरून पास्ता कसा निवडायचा

दादर, पार्ले, कुठेही जा, आता साध्या किराणावाल्याकडेही पेने, फुसिली, स्पॅगेटी मिळतं पण आपण पाकिटावरचं चित्र बघतो आणि उचलतो, नाव कोण वाचतंय. खरंतर सगळी माहिती त्या नावातच असते.

ही नावं इटालियन आहेत. आधी नावाचा पुढचा भाग बघा, त्यात आकार असतो. स्पागो म्हणजे सुतळी, त्यावरून स्पॅगेटी. फुसो म्हणजे सूत कातायची चाती, त्यावरून पीळ घातलेली फुसिली. फारफाले म्हणजे फुलपाखरं, आणि इटलीच्या पुलिया भागातली ओरेकिएत्ते म्हणजे छोटे कान, तिकडच्या बारी शहरात बायका अजून हाताने वळतात.

मग शेपूट बघा. आपल्याकडे कसं डबा मोठा, डबी छोटी, तसंच हे. शेवटी ओनी आलं की जाड, ईनी आलं की बारीक. म्हणजे स्पॅगेटोनी जाड, जास्त वेळ उकळायची, स्पॅगेटिनी बारीक, लवकर उतरवायची नाहीतर लगदा होतो.

आता पेने. पेन्ना म्हणजे पीस आणि पिसाची लेखणीसुद्धा, म्हणून नळीची दोन्ही टोकं तिरकी. आधी हे तिरकं कापणं हाताने कात्रीने व्हायचं आणि नळी चेपायची, मग 1865 मध्ये इटलीतल्याच जेनोव्हा शहराजवळच्या जोव्हानी बातिस्ता कापुर्रो यांनी त्याच्या मशीनचं पेटंट घेतलं. त्या तिरक्या तोंडातून सॉस आत शिरतो, म्हणून मला तरी व्हाइट सॉसला पेनेच आवडतं.

पण पेने घेताना पुढचा शब्द वाचाच. रिगाते लिहिलं असेल तर नळीवर बाहेरून उभ्या रेघा असतात, बोट फिरवलं तर लागतात, त्यात सॉस धरून राहतो. लिशे म्हणजे गुळगुळीत, त्यावरून सॉस घसरतो आणि मुलांच्या डब्यात तळाशी जमतो. डब्यासाठी रिगातेच घ्या.

एक नाव मात्र फसवतं, ओर्झो. शब्दाचा अर्थ जव, दिसायला तांदूळ, पण बनतो गव्हाच्या रव्याचाच. घरात कोणाला गहू चालत नसेल तर भातासारखा दिसतो म्हणून अजिबात आणू नका, पाकिटाच्या मागचे घटक वाचा.