काटापावती एका ॲपमधून दुसऱ्या ॲपमध्ये कशी पाठवायची, एक्सएमएल वापरून

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याकडे दोन ॲप आहेत. एक मी बनवलेलं, काट्यावरचा पोरगा त्यात पावती टाकतो, कोणाच्या बागेतला माल, प्रत कोणती (नवती का पिलबाग का वापसी), किती क्विंटल, काय भाव. दुसरं हिशोबाचं, तेपण वेबवरच पण भलत्याच माणसाने बनवलेलं. आणि या दोघांच्या मधे मुनीमजी, जे रोज रात्री एका स्क्रीनवर वाचून दुसऱ्या स्क्रीनवर टाईप करायचे. गाड्या भरायचा सीझन आला की त्यांना बारा-बारा वाजायचे. शेठ एक दिवस म्हणे, "भाऊ, दोन्ही कॉम्प्युटरच आहेत ना, मग एकमेकाशी बोलत का नाही?" आता याला काय उत्तर देणार, बसलो करायला.

हिशोबवाल्याने सांगितलं आमच्याकडे एक्सएमएलच चालतं, म्हणजे प्रत्येक माहिती नावाच्या टॅगमध्ये गुंडाळून लिहायची पद्धत. मला विचाराल तर नवीन काम असेल आणि दोन्ही टोकं आपल्याच हातात असतील तर मी जेसनच (डेटा लिहायची दुसरी, आटोपशीर पद्धत) घेईन, पण समोरचा म्हणेल ते करावं लागतं. आणि एक्सएमएल काही मेलेलं नाही, १९९८ साली वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ते पक्कं केलं आणि आजही टॅलीत डेटा टाकायचा तर ते चालतं, आधारची ऑफलाइन केवायसी फाईल एक्सएमएलच असते, एवढंच काय तुमची नवी एक्सेल फाईल झिप म्हणून उघडून बघा, आत सगळ्या एक्सएमएलच्याच फायली निघतात.

कोडला हात लावायच्या आधी दोघांनी बसून एक नमुना कागदावर ठरवा. हे मी सांगतोय कारण मी ते केलं नव्हतं. कोणतं नाव कोणत्या टॅगला, काय कंपल्सरी, वजन क्विंटलमध्ये का किलोत, तारीख कशी लिहायची, सगळं. आमचा नमुना असा होता, भाव असाच टाकलाय:

<काटापावती क्रमांक="४१२">
  <तारीख>२०२५-०६-०५</तारीख>
  <गाव>सावदा</गाव>
  <माल प्रत="नवती">
    <वजन एकक="क्विंटल">८७.४०</वजन>
    <भाव>१८५०</भाव>
  </माल>
  <खर्च खाते="हमाली & तोलाई">९५०</खर्च>
</काटापावती>

टॅग मराठीत बघून हसू नका, एक्सएमएलमध्ये देवनागरी नावं चालतात, नियमातच आहे. फक्त नावात स्पेस नको. बाकी नियम थोडेच आहेत: सगळ्यांना पोटात घेणारा बाहेरचा टॅग एकच, जो टॅग उघडला तो बंद करायचा, आत उघडलेला आधी बंद, आणि ॲट्रिब्यूटची (टॅगच्या आतच लिहिलेली माहिती, वर क्रमांक आहे तशी) किंमत कोटमध्ये. फाईलच्या अगदी पहिल्या ओळीत व्हर्जन १.० आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ असं डिक्लेरेशन टाका, आणि त्याच्या वर एक रिकामी ओळ जरी राहिली तरी पार्सर, म्हणजे फाईल वाचणारा प्रोग्राम, एरर देतो. पीएचपी भाषेत एखाद्या इन्क्लुड फाईलच्या शेवटी जास्तीचा एंटर राहून गेलेला असतो आणि आपण दोन तास भलतीकडेच शोधत बसतो.

आता वरचा नमुना परत बघा. त्यात एक चूक मुद्दाम ठेवलीये. सापडली?

"हमाली & तोलाई". हे खातं मुनीमजींनी पंधरा वर्षांपूर्वी असंच लिहिलेलं, आणि एक्सएमएलमध्ये सुटा अँपरसँड चालत नाही, कारण त्याच्यापुढे एखाद्या खास चिन्हाचं नाव येणार असं पार्सर धरून चालतो. एचटीएमएलमध्ये ब्राउझर सांभाळून घेतो, एक्सएमएलमध्ये कोणी सांभाळत नाही, एक चूक की अख्खी फाईल नाकारली. मी पहिल्या आठवड्यात स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून एक्सएमएल बनवत होतो, टॅग उघड, किंमत चिकटव, टॅग बंद कर. टेस्टिंगला मस्त चाललं कारण टेस्टिंगच्या पावत्यांवर मी खर्च टाकलाच नव्हता. खऱ्या कामाच्या पहिल्या रात्री ३८ पावत्या एकाच फाईलीत गेल्या आणि ३८ च्या ३८ परत आल्या. मुनीमजी काही बोलले नाही, चष्मा लावला आणि टाईप करायला बसले. ते जास्त लागलं.

अँपरसँडच्या जागी अँपरसँड, मग ए एम पी ही अक्षरं आणि सेमीकोलन असं लिहायचं असतं, 'पेक्षा कमी'च्या चिन्हालाही असंच एल टी. पण हे हाताने करू नका, लायब्ररीला (भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडला) करू द्या. त्यातही पीएचपीवाल्यांनी एक लक्षात ठेवा: डॉमडॉक्युमेंटच्या क्रिएट-एलिमेंटला दुसरी किंमत म्हणून मजकूर दिला तर तो अँपरसँड बदलून देत नाही, सिंपल-एक्सएमएलचं ॲड-चाइल्डपण तसंच. मजकुरासाठी क्रिएट-टेक्स्ट-नोड वापरा, नाहीतर सरळ एक्सएमएल-रायटर घ्या, मी तेच घेतलं. पायथनमध्ये एलिमेंट-ट्री हे काम गुपचूप करतं.

दुसरी भानगड आकड्यांची, आणि ही आपल्याकडेच होते. काट्यावरच्या पोराच्या मोबाईलवर मराठी कीबोर्ड, तो वजन मराठी आकड्यात टाकतो. (वरच्या नमुन्यात मी वाचायला मराठी आकडे दिलेत, खऱ्या फाईलीत इंग्रजीच पाहिजेत.) पीएचपीने मराठी आकड्याचं नंबरात रूपांतर केलं तर शून्य येतं, एरर नाही, नुसतं शून्य. गंमत म्हणजे पायथनचा फ्लोट मराठी आकडे बरोबर वाचतो, त्यामुळे माझ्या मशीनवरची पायथनची स्क्रिप्ट बरोबर बेरीज देत होती आणि सर्व्हरवरचं पीएचपी शून्य क्विंटल केळी पाठवत होतं. फॉर्म सेव्ह होतानाच आकडे इंग्रजीत बदलून घ्या. रकमेत स्वल्पविराम नको, १,२५,००० नाही, १२५०००. तारीख आधी वर्ष मग महिना मग दिवस, कारण ०५/०६ म्हणजे पाच जून का सहा मे यावर भांडणं होतात. टॅलीत पाठवत असाल तर तिथे तारीख मधल्या रेघा न देता सलग आठ आकडी जाते, आणि खात्याचं नाव तिथल्या लेजरशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. जुना डेटा कृतीदेवसारख्या फॉन्टात असेल तर आधी युनिकोड करून घ्या, नाहीतर समोर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी जाते.

हे सगळं प्रत्येक वेळी डोळ्याने तपासण्यापेक्षा दोघांनी मिळून एक एक्सएसडी फाईल बनवा, म्हणजे वजन दशांश आकडाच पाहिजे, तारीख तारीखच पाहिजे असे नियम त्यात लिहिता येतात, आणि पाठवायच्या आधी आपल्याकडेच चेक होतं. मराठी आकडा दशांशाच्या नियमात बसत नाही, तो तिथेच पकडला जातो.

पाठवणं सोपंय, एचटीटीपीएसवर पोस्ट रिक्वेस्ट, कन्टेन्ट टाईप ॲप्लिकेशन स्लॅश एक्सएमएल, ओळख पटवणारं टोकन हेडरमध्ये. पण उत्तरात स्टेटस २०० आलं म्हणजे पावती चढली असं समजू नका, बऱ्याच सिस्टीम २०० देऊन आत पोटात एरर लिहितात. उत्तराचं एक्सएमएल उघडून वाचा, किती चढल्या किती नाकारल्या, आणि ते पावतीसमोर सेव्ह करा. बागेत नेट जातं येतं, तेव्हा रिक्वेस्ट पोचली पण उत्तर आलंच नाही असं हमखास होतं, मग तुमचं ॲप परत पाठवतं आणि एकच पावती दोनदा. म्हणून पावती क्रमांक दोन्हीकडे एकच आणि समोरच्याने तो आधीच असेल तर नवीन नोंद करायची नाही, हे सुरुवातीच्या कागदावरच लिहून घ्या.

तुम्ही घेणाऱ्या बाजूला असाल तर डॉकटाईप (फाईलच्या सुरुवातीचा भाग, ज्यात अँपरसँडने बोलवायची खास नावं म्हणजे एंटिटी ठरवता येतात) असलेली फाईल सरळ नाकारा. त्यातून बाहेरची एंटिटी घुसवून सर्व्हरवरची फाईल वाचून नेता येते. आताच्या पीएचपीत हे बाय डिफॉल्ट बंद असतं, पण लोक नोएंट नावाचा ऑप्शन लावतात, नाव वाचून वाटतं एंटिटी बंद होतील, होतं उलटं, चालू होतात. पायथनला डिफ्यूज्ड-एक्सएमएल ही लायब्ररी लावा.

टेस्टिंगला एक वाईटातली वाईट पावती बनवा: खात्यात अँपरसँड, शेरा लिहिताना त्यात कोट, वजन मराठीत, भाव रिकामा. फाईल एक्सएमएल-लिंट या तपासणाऱ्या टूलमधून काढा, मग कर्लने (कमांड लाईनवरून रिक्वेस्ट पाठवणारं टूल) पाठवा, आणि मग तीच परत पाठवा. आम्ही त्यानंतर आठ दिवस मुनीमजींची वही बंद केली नाही, रोज रात्री वहीची बेरीज आणि सॉफ्टवेअरची बेरीज शेजारी ठेवायची. सहाव्या दिवशी ९५० चा फरक आला, मी परत अँपरसँड शोधत बसलो, आणि निघालं काय तर मुनीमजींनीच हमाली दोनदा लिहिली होती.