फाइल डिलीट झाली? नंतरच्या या चुका टाळा

साध्या हार्डडिस्कवर डिलीट दाबल्याने फाइल क्वचितच कायमची जाते. ती जाते त्यानंतरच्या तासाभरात, 'बघू जमतंय का' म्हणून केलेल्या उद्योगांनी. सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची अडत असो नाहीतर विश्रामबागेतला फोटो स्टुडिओ, मशीन दुरुस्तीला येतं तेव्हा मूळ चुकीपेक्षा नंतरच्या धडपडीचीच गोष्ट लांबलचक असते.

आधी फाइल खरंच डिलीट झाली आहे का ते बघा. माऊस घसरून अख्खा फोल्डर शेजारच्या फोल्डरात जाऊन पडतो, हे रोजचंच. लगेच कंट्रोल-झेड दाबा, रिसायकल बिन उघडा, नावानं शोधा. डेस्कटॉपवरच्या सगळ्या फाइली एकदम गायब झाल्या असतील तर वनड्राइव्हचा फोल्डर बघा. वनड्राइव्हचा बॅकअप बंद केला की त्या तिकडेच राहिलेल्या असू शकतात. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस असते. पेनड्राइव्हवरून किंवा शिफ्ट-डिलीटनं उडवलेली फाइल मात्र बिनमध्ये शोधू नका, ती तिथं जातच नाही. पत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या डीटीपीवाल्यांनी त्याच फोल्डरात 'बॅकअप ऑफ' नावानं सुरू होणारी फाइल शोधावी. कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर ती आपणहून करून ठेवतं, आणि कितीतरी जणांना ती कचरा वाटते.

तिथंही नसेल तर हात आवरा. विंडोज फाइल पुसत नाही. डिस्कवरच्या फाइलींच्या यादीतली तिची नोंद रद्द करतं आणि जागा मोकळी आहे असं धरून चालतं. गाळा कागदोपत्री रिकामा झाला, पण पोती अजून आतच आहेत, असं समजा. नवा माल येऊन पडेपर्यंत जुना शाबूत असतो. हा नवा माल तुम्ही मुद्दाम सेव्ह कराल तेवढाच नसतो. ब्राउझर उघडला की त्याच्या तात्पुरत्या फाइली येतात, मागं विंडोजचं अपडेट उतरत असतं, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाचे तरी गुड मॉर्निंगचे फोटो येत असतात. फाइल सी ड्राइव्हवर, म्हणजे जिथं विंडोज असतं तिथंच, होती का? मग मशीन बंद करा, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा आणि तिथून शोध घ्या.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. ज्या ड्राइव्हवरून फाइल गेली त्याच ड्राइव्हवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर डाउनलोड करायचं, तिथंच इन्स्टॉल करायचं आणि सापडलेल्या फाइलीही तिथंच सेव्ह करायच्या. शोधायला आलेल्यानंच पोत्यांवर पोती रचली! सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवर ठेवा, नाहीतर पेनड्राइव्हवरून चालवा, आणि फाइली वेगळ्या डिस्कवर उतरवा. मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरी हे २०२० साली आलेलं फुकट साधन कमांड लिहून चालवावं लागतं, त्यामुळे जरा रुक्ष वाटतं. पण मूळ ड्राइव्ह आणि उतरवायचा ड्राइव्ह वेगळे असल्याशिवाय ते कामाला लागत नाही, हे मला फार आवडतं. टेलिग्रामवरून 'क्रॅक', म्हणजे विकतच्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत, आणण्याच्या फंदात पडू नका. फाइल तर येत नाहीच, वर व्हायरस मिळतो.

एसएसडीचं, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कचं, गणित मात्र वेगळं आहे, आणि जुने सल्ले इथं लंगडे पडतात. विंडोज ७ पासून फाइल डिलीट होताच एसएसडीला कळवलं जातं की ही जागा आता नको. याला ट्रिम म्हणतात. मग एसएसडी सवडीनं ती जागा आतून साफ करते. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलचं नाव दिसतं, आकार दिसतो, शेजारी 'फाइल ठीक आहे' म्हणणारा हिरवा ठिपकाही असतो. उघडली की आत नुसती शून्यं. लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवरून शिफ्ट-डिलीट केलेली फाइल सॉफ्टवेअरनं परत येईल अशी आशा जवळपास सोडाच. तो वेळ दुसरीकडे प्रत शोधण्यात घाला: मेलचं सेंट, सीएकडे पाठवलेली फाइल, व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलेली पीडीएफ. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डवर सहसा ट्रिम चालत नाही, म्हणून तिथं आशा असते.

कार्डाचं बोलायचं तर लग्नसराईत हे हमखास घडतं. कार्ड संगणकाला लावलं की विंडोज विचारतं, 'स्कॅन अँड फिक्स' करू का? किंवा म्हणतं, डिस्क फॉरमॅट करावी लागेल. दोन्हीला नाही म्हणा. दुरुस्तीच्या नावाखाली विंडोजचं चेकडिस्क फाइलींचे तुकडे करून 'फाउंड' नावाच्या फोल्डरात टाकतं, आणि मग जुळवणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. कार्ड कॅमेऱ्यातून काढा, त्याच्या डाव्या कडेची छोटी खिटी लॉककडे सरकवा, म्हणजे संगणक त्यावर काही लिहिणार नाही. मायक्रो कार्डाला खिटी नसते, त्याच्या अ‍ॅडॉप्टरला असते. मग फोटोरेक हे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवा; फुकट आहे. ते यादीकडे न बघता थेट फोटोच्या खुणा शोधतं, त्यामुळे कॅमेऱ्यात फॉरमॅट झालेल्या कार्डातूनही बरंच काही हाती लागतं. फक्त मूळ नावं जातात. 'रिकप' नावाच्या फोल्डरांत आकड्यांच्या फाइलींचा ढीग मिळतो. फोटो काढल्याच्या तारखेनं लावला की अक्षता कुठल्या आणि जेवणावळ कुठली ते लक्षात येतं. मोठे व्हिडिओ तुकड्यातुकड्यांत लिहिलेले असतील तर ते बहुधा चालत नाहीत. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगितलेलं बरं.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर कुठलंच सॉफ्टवेअर चालवू नका. प्रत्येक मिनिटाला नुकसान वाढतं. फ्रीजरमध्ये ठेवणं, घरी झाकण उघडणं हे तर अजिबात नको.

कृष्णेकाठी आणखी एक चूक होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर भिजलेली मशिनं उन्हात वाळवून चालू करणारे पुष्कळ होते. डिस्क भिजली असेल तर वीज देऊ नका आणि हेअर ड्रायरही मारू नका. गाळ आत वाळून तबकडीला चिकटतो. ओली असेल तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्याकडे पोचवा.

दुरुस्तीवाल्याकडे देताना मशीन 'स्लो चालतंय' एवढंच सांगू नका. तो डिस्क फॉरमॅट करून नवं विंडोज मारून देईल आणि उरलंसुरलंही जाईल. 'डेटा काढायचाय, फॉरमॅट मारायचा नाही' हे चिठ्ठीवर लिहून डिस्कला चिकटवा. आधी डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, घेणार का, हेही विचारा. घेणार असेल तर काम त्या नकलेवर होतं आणि मूळ डिस्क जशीच्या तशी राहते.

राहिली टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर. मार्चअखेरीला डेटा उडाला की घाबरून जुना बॅकअप चालू कंपनीच्याच फोल्डरवर रिस्टोअर केला जातो, आणि नंतरच्या ज्या काही नोंदी वाचल्या होत्या त्याही बुडतात. रिस्टोअर नव्या, रिकाम्या फोल्डरात करा. शेवटचं व्हाउचर कुठल्या तारखेचं आहे ते बघा. पुढच्या नोंदी शेतकऱ्यांना दिलेल्या हिशेबपट्ट्यांच्या स्थळप्रती, बँकेचं स्टेटमेंट आणि जीएसटी पोर्टलवर दिसणारं भरलेलं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) यांवरून परत चढवता येतात. काम कंटाळवाणं आहे, पण दोन माणसं बसली, एकानं वाचलं आणि दुसऱ्यानं टाइप केलं, की उरकतं.